पहिल्या लग्नाची गोष्ट आणि बीकेसीतली खिडकी

सांगली जिल्ह्यातील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात: "माझे वय २७ आहे. लग्न जुळवणाऱ्या संकेतस्थळावरून स्थळ आले, दोन भेटी झाल्या आणि तीन आठवड्यांत मिरजेत लग्न झाले. नवरा अमेरिकेचा नागरिक आहे आणि न्यू जर्सीत एडिसनला राहतो. लग्नानंतर अठराव्या दिवशी तो परत गेला, मध्ये एकदा गणपतीत दोन आठवडे येऊन गेला. आता लग्नाला सतरा महिने झाले. आमची कागदपत्रे पूर्ण असल्याची ईमेल आली असून व्हिसासाठी मुंबईच्या अमेरिकी कॉन्सुलेटमधल्या मुलाखतीची तारीख केव्हाही येईल. त्याचे हे दुसरे लग्न आहे. हे त्याने मला दुसऱ्या भेटीतच सांगितले होते, पण माझ्या आईवडिलांना अजून माहीत नाही. सासूबाई म्हणतात, तिकडे विचारले तर 'मला काही माहीत नाही' म्हणायचे. अर्ज भरून देणाऱ्या एजंटने साठ प्रश्नांची उत्तरे पाठ करायला दिली आहेत, त्यातही हेच उत्तर आहे. शिवाय लग्नात माझे नाव बदलले, ते पासपोर्टवर नाही आणि एजंटने अर्जातही लिहिलेले नाही. उशीर होणार असेल तर तोवर व्हिजिटर व्हिसावर जाऊन ये, असे घरचे म्हणतात. मी काय करू?"

तुमच्या पत्रातला एकच प्रश्न खरोखर कठीण आहे, म्हणून त्यापासूनच सुरुवात करते. 'मला काही माहीत नाही' हे उत्तर तुम्ही देऊ नका. तुमच्या नवऱ्याने तुमच्यासाठी आय-१३० हा जो अर्ज केला, त्यात अर्जदाराची आजवर किती लग्ने झाली, आधीच्या जोडीदाराचे नाव काय आणि ते लग्न कोणत्या तारखेला संपले, असे रकानेच आहेत, आणि घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रतही त्याला द्यावी लागते. म्हणजे सासूबाईंना जी गोष्ट झाकून ठेवावीशी वाटते, ती त्यांच्या मुलाने केव्हाच सहीनिशी सरकारदरबारी नोंदवली आहे आणि मुलाखतीच्या दिवशी ती अधिकाऱ्याच्या समोर असणार आहे. अशा वेळी तुम्ही 'माहीत नाही' म्हणालात, तर त्याचे दोनच अर्थ निघतात: नवऱ्याने तुम्हाला अंधारात ठेवले, किंवा तुम्ही अधिकाऱ्याला अंधारात ठेवत आहात. पहिला अर्थ खोटा आहे, कारण त्या माणसाने लग्नाआधीच तुम्हाला मोकळेपणाने सांगितले होते. तुमच्या प्रकरणातली ही सर्वांत जमेची बाजू आहे आणि एजंट नेमकी तीच पुसून टाकायला सांगतो आहे. दुसरा अर्थ निघाला तर त्याची किंमत फार मोठी आहे. व्हिसा मिळवण्यासाठी महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून खोटे सांगितले असा शेरा एकदा पडला, की अमेरिकेच्या कायद्यानुसार ती अपात्रता आपोआप कधीच संपत नाही आणि त्यातून सुटण्यासाठी माफीचा वेगळा अर्ज करत बसावे लागते. घटस्फोटिताशी लग्न करणे हा कोणत्याच देशात गुन्हा नाही. ते लपवण्याच्या नादात मात्र सरळ चाललेले प्रकरण हातचे जाऊ शकते.

तेव्हा नवऱ्याकडून तीन कागद मागवून घ्या: आय-१३० ची संपूर्ण प्रत, घटस्फोटाचा हुकूमनामा, आणि आय-८६४ म्हणजे तुमच्या पोषणाची हमी देणारा फॉर्म. हे कागद स्वतः वाचा. इंग्रजी जड वाटले तर त्याला व्हिडिओ कॉलवर घेऊन एकेक ओळ समजून घ्या, पण वाचल्याशिवाय मुलाखतीला जाऊ नका. हुकूमनाम्यावरची अंतिम निकालाची तारीख तुमच्या लग्नाच्या तारखेच्या आधीची आहे ना, हे आधी पाहा; तशी नसेल तर तुमचे लग्नच कायदेशीर ठरत नाही आणि मग प्रश्न एजंटचा उरत नाही, वकिलाचा होतो. दुसरी गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, म्हणून जरा विस्ताराने सांगते. पहिल्या पत्नीलाही त्याने इकडूनच नेले होते का, हे त्याला विचारा. तसे असेल तर तिच्यासाठीही त्याने आय-८६४ वर सही केलेली असणार, आणि ती हमी घटस्फोटाने संपत नाही. ती व्यक्ती नागरिक होईपर्यंत, किंवा तिच्या नावावर साधारण दहा वर्षांच्या कामाइतक्या म्हणजे ४० तिमाही जमा होईपर्यंत, किंवा ती कायमची देश सोडून जाईपर्यंत अथवा मरण पावेपर्यंत ती हमी चालू राहते. तोवर नव्या फॉर्ममध्ये कुटुंबाची संख्या मोजताना तिलाही धरावे लागते. उत्पन्नाची अट संघराज्याच्या दारिद्र्यरेषेच्या सव्वापट असते. २०२५ च्या तक्त्याप्रमाणे दोन माणसांच्या घराला ती वर्षाला २६,४३७ डॉलर होती आणि तीन माणसांच्या घराला ३३,३१२ डॉलर. बऱ्यापैकी नोकरी असेल तर या फरकाने काही अडत नाही. पण फॉर्मवर दोन लिहिले आणि खरे तीन निघाले, तर फॉर्म पुन्हा भरून आणायला सांगतात आणि आणखी काही आठवडे जातात.

आईवडिलांना सांगावे का, हे तुम्ही थेट विचारलेले नाही, पण पत्राच्या ओळींमधून ते दिसते आहे. मुलाखत तुमची एकटीची असते, आईवडील आत येऊ शकत नाहीत, तेव्हा तिथले बोलणे त्यांच्या कानावर जाण्याची भीती नाही. तरीही निघण्यापूर्वी तुम्ही आणि नवऱ्याने मिळून त्यांना सांगावे असे मला वाटते, आणि बोलायला सुरुवात नवऱ्याने करावी, कारण गोष्ट त्याच्या आयुष्यातली आहे. जावयाकडून कळलेले आणि मिरजेच्या बाजारात तिऱ्हाइताकडून कळलेले यांत काय फरक असतो, ते तुम्हाला ठाऊक आहे.

आता त्या साठ प्रश्नांकडे येऊ. प्रश्न वाचायला हरकत नाही, कारण ते साधारण तसेच असतात: ओळख कशी झाली, पहिली भेट कुठे झाली, त्या वेळी कोण कोण होते, लग्नाला माणसे किती होती, नवरा काय काम करतो, तिकडे घरी कोण असते, लग्नानंतर तो पुन्हा केव्हा आला, त्याचे आधीचे लग्न का मोडले. उत्तरे मात्र फेकून द्या. दोन भेटींत ठरलेले लग्न तिथल्या अधिकाऱ्याला संशयास्पद वाटेल, ही भीतीही सोडून द्या. मुंबईत बसलेला अधिकारी दिवसभर कांदेपोह्यांच्याच गोष्टी ऐकतो, पत्रिका जुळवण्यापासून ते "मुलाची रजा संपत होती म्हणून मुहूर्त लवकर धरला" इथपर्यंत. घाईचे खरे कारण सांगितले की ते त्याला पटते. त्याला खटकते ते एजंटच्या साच्यातून निघालेले उत्तर, कारण त्याच एजंटची आणखी चार माणसे त्याच आठवड्यात तसेच बोलून गेलेली असतात.

माझीच फजिती सांगते. कॉन्सुलेट २०११ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे आपण ज्याला बीकेसी म्हणतो तिथे गेले. त्याआधी ते ब्रीच कँडीला लिंकन हाऊसमध्ये होते. तिथे मीही एकदा अशीच तुमच्यासारखी उभी होते. यजमानांचा पगार, कंपनीचा पत्ता, अगदी त्यांच्या घरमालकाचे आडनावसुद्धा मी तोंडपाठ केले होते. अधिकाऱ्याने पहिलाच प्रश्न लग्नाच्या तारखेचा विचारला. आमच्या घरी लग्नाचा वाढदिवस तिथीने करतात आणि तो नुकताच होऊन गेला होता, त्यामुळे माझ्या तोंडून त्या वर्षीची तारीख गेली. अर्जावर तर वेगळीच! त्याने मान वर करून पाहिले आणि माझ्या घशाला कोरड पडली. मग तिथी म्हणजे काय आणि ती दर वर्षी इंग्रजी कॅलेंडरात पुढेमागे कशी सरकते, हे मी मोडक्यातोडक्या शब्दांत सांगितले, आणि त्या एका गोंधळाने त्याला आमच्या घराबद्दल जे कळले ते पाठ केलेल्या उत्तरांतून कळले नसते. तेव्हा एखादी गोष्ट चुकली तर तिथल्या तिथे दुरुस्त करा, आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा. आपल्याकडे लग्नाची तारीख आणि नोंदणीची तारीखही बहुधा वेगळी असते. दाखल्यावर दोन्ही पाहून घ्या आणि विचारतील ते लग्नाच्या तारखेबद्दल, हे लक्षात ठेवा. इंग्रजीची धास्ती असेल तर मराठीत बोलायचे आहे असे सुरुवातीलाच सांगा; मुंबईत ती सोय असते आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

नावाचा घोळ हा खास आपला आहे. ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवे नाव लिहायचे आणि सगळ्यांना पेढे वाटायचे हा सोहळा कितीही गोड असला, तरी त्यामुळे एका बाईची कागदोपत्री तीन माणसे होऊन बसतात. पासपोर्ट आणि दहावीचा दाखला माहेरच्या नावाने, आधार सासरच्या आडनावाने, आणि नवऱ्याशी झालेल्या चॅटमध्ये व अल्बमच्या मुखपृष्ठावर तिसरेच नाव. यासाठी आता घाईघाईने पासपोर्ट बदलू नका. मुलाखत तोंडावर आलेली असताना नवा पासपोर्ट काढणे म्हणजे पोलीस दाखल्यापासून सगळे जुळवणे पुन्हा मागे लावून घेणे आहे. व्हिसा आणि पुढे ग्रीन कार्ड पासपोर्टवरच्या नावानेच निघेल, आणि नाव बदलायचेच असेल तर ते तिकडे नागरिकत्वाच्या वेळीही करता येते. आज करायचे ते एवढेच: डीएस-२६० या तुमच्या व्हिसाच्या अर्जात 'यापूर्वी वापरलेली अन्य नावे' असा प्रश्न असतो, त्यात लग्नातले नाव आणि सासरच्या आडनावासह होणारे पूर्ण नाव दोन्ही यायला हवीत. एजंटने ती लिहिलेली नाहीत, म्हणजे तुमच्या नावाने गेलेल्या अर्जात एक उणीव आहे आणि त्याची जबाबदारी त्याच्यावर नसून तुमच्यावर आहे, कारण अर्जावर सही तुमची धरली जाते. पाठवलेला अर्ज दुरुस्तीसाठी पुन्हा उघडून देण्याची विनंती नॅशनल व्हिसा सेंटरकडे, म्हणजे मुलाखतीआधी कागद तपासणाऱ्या अमेरिकी कार्यालयाकडे, करता येते. तेवढा वेळ मिळाला नाही तर मुलाखतीच्या सुरुवातीलाच "अर्जात एक नाव राहून गेले आहे" असे आपणहून सांगा. अधिकारी ते तिथेच दुरुस्त करून घेतो. त्याच अर्जात मागच्या पाच वर्षांत वापरलेली समाजमाध्यमांवरची खातीही विचारतात. एजंटने तिथे काय लिहिले आहे तेही पाहा.

पुराव्यांच्या बाबतीत तुमची अडचण मी समजू शकते. एकत्र बँक खाते नाही, भाड्याच्या करारावर दोघांची नावे नाहीत, कारण दोघे मिळून राहिलात ते जेमतेम महिनाभर. अशा वेळी लोक चारशे फोटोंचा अल्बम उचलून नेतात, ज्यात तीनशे फोटो वरातीचे आणि आहेराचे असतात. त्यापेक्षा वीस-पंचवीस फोटो निवडा, पण वेगवेगळ्या दिवसांचे, वेगवेगळ्या ठिकाणांचे, दोन्हीकडची माणसे दिसतील असे, आणि मागे तारीख व नावे लिहून ठेवा. गणपतीत तो आला तेव्हाचा विमानाचा बोर्डिंग पास आणि पासपोर्टवरचा शिक्का लग्नाच्या व्हिडिओपेक्षा जास्त बोलका असतो, कारण वरात एकदाच निघते आणि माणूस रजा टाकून पुन्हा आला तो तुमच्यासाठी. त्याने विमा पॉलिसीवर किंवा नोकरीतल्या निवृत्ती खात्यावर तुमचे नाव वारस म्हणून लावले असेल तर तो कागद मागवा. चॅटचे शंभर पानी बाड नको. दर महिन्याची दोन-तीन पाने पुरतात, आणि त्यात "गॅस संपला", "आईचा बीपी वाढला" असली बोलणी असली तर फारच चांगले.

व्हिजिटर व्हिसाचा विचार मनातून काढून टाका. त्या व्हिसासाठी तुम्ही परत येणार आहात असे पटवून द्यावे लागते, आणि तुमच्या नावाने तर कायमचे जाण्याचा अर्ज आधीच मंजूर होऊन पडला आहे. व्हिजिटर व्हिसाच्या फॉर्ममध्ये 'तुमच्यासाठी कोणी स्थलांतराचा अर्ज केला आहे का' असा सरळ प्रश्न असतो. खरे उत्तर दिले तर नकार येण्याचीच शक्यता जास्त, आणि खोटे दिले तर वर सांगितलेला कायमचा शेरा. मुलाखत एवढी जवळ आलेली असताना हा उपद्व्याप कशाला?

तारीख आली की वैद्यकीय तपासणी आधी उरका. ती कॉन्सुलेटने नेमून दिलेल्या डॉक्टरांकडेच करावी लागते, गावातल्या फॅमिली डॉक्टरांचे पत्र चालत नाही. लहानपणीचे लसीकरणाचे कार्ड आईकडे असेल तर शोधून न्या, म्हणजे झालेल्या लशी पुन्हा टोचाव्या लागणार नाहीत. पोलीस दाखला पासपोर्ट सेवा केंद्रातून निघालेलाच लागतो, पोलीस अधीक्षक कार्यालयाचा नाही; तुमचा कोणता आहे ते पाहून घ्या. जन्मदाखल्यावर तुमचे स्वतःचे नाव छापलेले आहे का हेही तपासा, कारण नोंद बारशाच्या आधी होते आणि कित्येक दाखल्यांवर नावाचा रकाना कोराच असतो. मूळ प्रती सगळ्या बरोबर हव्यात, संगणकावर चढवलेल्या असल्या तरी.

मुलाखतीच्या दिवशी मोबाइल आणि मोठी पिशवी आत नेऊ देत नाहीत, तेव्हा बरोबर आलेल्या माणसाला बाहेर कुठे थांबायचे ते आधीच ठरवून ठेवा. आत आधी एका खिडकीवर कर्मचारी कागद मागून घेतात, बोटांचे ठसे होतात, मग बाकावर बसून नंबराची वाट पाहायची. अधिकाऱ्याशी बोलणे उभ्यानेच, काचेपलीकडून होते. तो उजवा हात वर करून खरे सांगण्याची शपथ घ्यायला लावतो. बहुतेकांची मुलाखत दहा-पंधरा मिनिटांत आटोपते. पहिल्या लग्नाचा प्रश्न आला तर तुमचे उत्तर दोन वाक्यांत बसते: "हो, मला माहीत आहे, लग्नाआधी दुसऱ्या भेटीत त्यांनीच सांगितले. ते लग्न अमुक साली संपले आणि हा हुकूमनामा." त्यापुढे त्याने विचारल्याशिवाय पहिल्या पत्नीच्या स्वभावाबद्दल एक अक्षर बोलू नका, सासरी काही ऐकले असले तरी.

हातात २२१(जी) असे लिहिलेला कागद पडला तर रडत बाहेर येऊ नका. त्याचा अर्थ प्रकरण बंद झाले असा नसतो. काहीतरी कमी आहे किंवा आणखी तपासायचे आहे, एवढाच असतो. जे मागितले असेल ते नेमके तेवढेच, सांगितलेल्या पद्धतीने पाठवा, आणि वर्षभराच्या आत पाठवा, नाहीतर अर्ज रद्द होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

व्हिसा मिळाल्यावर तुमच्या बाबतीत कॅलेंडरकडे लक्ष ठेवावे लागेल. लग्नाला दोन वर्षे पूर्ण होण्याआधी तुम्ही अमेरिकेत उतरलात तर ग्रीन कार्ड दोन वर्षांच्या मुदतीचे आणि सशर्त मिळते, आणि ती मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ हा अर्ज करावा लागतो. दोन वर्षे पूर्ण झाल्यावर उतरलात तर थेट दहा वर्षांचे कार्ड मिळते. तुमचे सतरा महिने झाले आहेत आणि व्हिसा साधारण सहा महिने चालतो, तो वैद्यकीय तपासणीच्या मुदतीशी बांधलेला असतो. म्हणजे मुलाखत आणखी दोन-तीन महिने लांबली तर लग्नाचा दुसरा वाढदिवस इकडेच करून मग निघणे तुम्हाला शक्य होईल. तसे केले तर विमानतळावरच्या अधिकाऱ्याला लग्नाची तारीख दाखवून वर्ग बदलून घ्यायला विसरू नका, व्हिसावर सीआर-१ म्हणजे सशर्त वर्ग छापलेला असला तरी. यासाठी थांबावे का, हे तुम्ही दोघांनी ठरवा. सतरा महिने लांब राहिलेल्या जोडप्याला एका अर्जाच्या कटकटीसाठी आणखी थांबा असे सांगायला माझी जीभ रेटत नाही.

शेवटी एक काम आजच करा. तुमच्या प्रकरणाचा बीएमबीने सुरू होणारा क्रमांक आणि त्याच्या जोडीचा इन्व्हॉइस क्रमांक या दोन आकड्यांनी व्हिसाच्या सरकारी संकेतस्थळावर प्रवेश मिळतो, आणि ते दोन्ही आत्ता बहुधा एजंटच्या वहीत आहेत. ते मागून घ्या, स्वतः आत शिरून अर्ज पाहा, प्रत्येक कागदाची एक प्रत स्वतःच्या पेटीत आणि एक स्वतःच्या ईमेलमध्ये ठेवा. २३५ डॉलरची इमिग्रंट फी भरल्याशिवाय ग्रीन कार्ड छापत नाहीत. ती भरल्याची पावतीही त्यातच ठेवा. तिकडे गेल्यावर हे कागद नवऱ्याच्या कपाटात जाऊ देऊ नका. तुमच्या नवऱ्यावर मला संशय नाही, उलट त्याने जे लग्नाआधी सांगितले त्यामुळे त्याच्याबद्दल बरेच वाटते. पण कागद तुमचे आहेत आणि ते तुमच्याकडे असावेत.